बंडप्पाचा हात

लोहाऱ्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारे राघवेंद्र मास्तर तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातले. घरच्यांना वाटायचं पोरानं देवीची सेवा करावी. पोराला नाद लागला ट्रान्झिस्टरचा. साल पासष्ट-सहासष्टचं असेल. गावात अजून वीज नव्हती. मास्तरांनी सोलापूरहून सुटे भाग आणले, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवले आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर घरीच तयार केला.

ही बातमी खरेदी-विक्री सोसायटीचे चेअरमन बब्रुवानराव यांच्या कानावर गेली. बब्रुवानरावांना भाषणाची भारी हौस, पण आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढं जायचा नाही. त्यांनी लगेच कर्णा आणि माईक आणवला आणि मास्तरांना डब्यासकट बोलावून घेतलं.

पहिल्याच सभेत चेअरमन "बंधू-भगिनींनो" म्हणाले आणि कर्ण्यातून अशी किंचाळी निघाली, की बाजारातले बैल दावी तोडायला लागले. शेजारच्या ग्रामपंचायतीतला बॅटरीवरचा रेडिओही त्याच क्षणी शिट्ट्या मारू लागला. बाजारभाव ऐकत बसलेले सरपंच लिंबाजी बाहेर येऊन ओरडले, "आमचा रेडिओ बंद पाडायचा डाव हाय ह्यो!"

चेअरमननी चिडून डब्यावर थाप मारली आणि हात तसाच ठेवला. किंचाळी जरा वेळानं थांबली. हात काढला, पुन्हा सुरू. ठेवला, गप्प.

"विशेष काही नाही, साहेब," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "माईकची अन् कर्ण्याची वायर शेजारून गेलीय. बाहेर जाणारं परत आत शिरतं, अन् मग आवाज वाढवणारा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आपला आपणच घुमतो."

"ड्रायव्हर? कुणाच्या पार्टीचा हाय?" चेअरमननी डोळे बारीक केले.

तेवढ्यात सोसायटीचा एक संचालक हात जोडून म्हणाला, "काय बी म्हणा, यंत्र साहेबांच्या हाताला वळखतंय."

हे चेअरमनना मनापासून पटलं. "मग दुरुस्ती करायची न्हाय," त्यांनी बजावलं.

अडचण एकच होती. बब्रुवानरावांना दोन्ही हात उडवल्याशिवाय बोलता यायचं नाही. म्हणून शिपाई बंडप्पाला डब्यावर हात ठेवायला सांगितलं. यंत्र त्याच्या हातानंही गप्प झालं. व्यासपीठावर सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी तोच संचालक मदतीला धावला, "बंडप्पाचा हात म्हंजी साहेबांचाच हात." तसा ठरावही झाला. तेव्हापासून धुतलेला पटका बांधून बंडप्पा व्यासपीठावर माईकशेजारी खुर्चीत बसू लागला. झाडलोट आणि पाणी भरायला दुसरा गडी आला.

मास्तरांना मात्र हे सोसेना. आपल्या यंत्राला आजाऱ्यासारखं धरून बसावं लागतं, या विचारानं त्यांना जेवण गोड लागायचं नाही. एका रविवारी पुसायच्या निमित्तानं त्यांनी डबा, माईक आणि कर्णा घरी नेले. दोन्ही वायरी तोडून आखूड केल्या, एकमेकींपासून लांब नेल्या, डबा बॅटरीच्या वायरीला कथलाचा डाग देऊन जोडला आणि घुमणं जिरवायला ड्रायव्हर ट्रान्झिस्टरच्या पायाशी एक कंडेन्सर लावला. बॅटरी जोडली. डबा शांत. शेजाऱ्याचा रेडिओ मागून आणून जवळ ठेवला. तोही शांत. मास्तरांचे डोळे भरून आले.

पुढच्या सभेत ते बंडप्पानं हात उचलायची वाट बघत बसले. बंडप्पानं पटका सारखा करायला हात उचलला आणि चिर्रर्र!

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी घरी जाऊन एकेक डाग तपासला, ट्रान्झिस्टर बदलून पाहिला. घरी डबा मुका. सभेत मात्र हात उचलला की बोंब. स्वतःच्या शिक्षणावरचा त्यांचा विश्वास उडत चालला.

अशात एक दिवस सरपंच लिंबाजी रस्त्यात भेटले, फार खुशीत. "मास्तर, तुमची सभा चालू असली तरी बी आमचा रेडिओ कसा घुंगरागत वाजतोय! चेअरमन नमला बघा आमच्यापुढं."

मास्तर जागीच थांबले. डबा घुमत असता तर रेडिओनं शिट्टी मारलीच असती. रेडिओत शिट्टी नाही, म्हणजे डबाही गप्प. मग ओरडतं कोण?

पुढच्या सभेत ते कर्ण्याकडं न बघता बंडप्पाकडं बघत बसले. हात वर गेला. ओठ मिटलेले, मिशी जागेवर. पण गळ्याची घाटी टुणटुण उडत होती.

सभेनंतर मास्तरांनी त्याला गाठलं. "बंडप्पा, कधीपासून?"

"तुमी डबा नीट केला तवापास्नं," बंडप्पा शांतपणे म्हणाला. "हात उचलला अन् कायबी वाजंना. म्हटलं, आता खुर्ची गेली, मास्तर. मग म्याच वाजलो. रानात पाखरं हाकलायची सवय हाय."

"मी साहेबांना सांगणार."

"सांगा की. पर साहेब इचारतील, ‘मग माझ्या हाताचं काय?’ तवा काय सांगाल?"

मास्तर तरीही चेअरमनकडं गेले. "साहेब, यंत्रात आता दोष राहिला नाही."

बब्रुवानरावांचा चेहरा उतरला. "असं कसं? जिल्ह्याचे साहेब हे बघायलाच येणार हायत." मग ते म्हणाले, "हेडमास्तरांची जागा मोकळी व्हतीय. शाळेच्या कमिटीवर मीच हाय. तुमी नीट बघा, मास्तर. दोष असंल."

मास्तरांनी खाली बघितलं. "असेल," ते म्हणाले. "तपासतो."

जिल्ह्याचे साहेब आले. बंडप्पानं हात उचलला, चिर्रर्र झालं. साहेबांनी हौसेनं स्वतःचा हात डब्यावर टेकवला आणि आवाज तिथल्या तिथं थांबला. साहेब हरखले. त्यांनी ग्रामीण विज्ञानावर तासभर भाषण केलं, राघवेंद्र मास्तरांच्या गळ्यात हार घातला. कर्णा एकदाही कुरकुरला नाही. कंडेन्सरबद्दल कुणी विचारलं नाही.

पाहुण्यांची जीप गेल्यावर चेअरमननी मास्तरांना बाजूला घेतलं. ते नाराज होते.

"माझा हात ठेवल्यावर जरा येळ लागायचा," ते म्हणाले. "त्यांच्या हातानं लगेच कसं थांबलं?"

मास्तरांनी हार काढून काखेत धरला. बंडप्पा लांबून त्यांच्याकडं बघत होता.

"तपासतो, साहेब," मास्तर म्हणाले.