यीस्टची लेन

आमच्या सरांचा सिद्धांत ऐकायला फार गोड होता. पेशीतली सगळी जनुकं एकदम बोलत नाहीत, काहींना गप्प बसवावं लागतं. डीएनएच्या गुंडाळीवर बसणारं एक प्रथिन ते काम करतं. पण नेमक्या जनुकापाशी त्याला नेतं कोण? "आपला आरएनए! बोट धरून नेतो," सर म्हणत. या बोटावर त्यांना दोन पुरस्कार मिळाले होते, वर मानेला कायमचा ताठा. मला मिळायची होती पीएचडी, तीही सरांनी सही केली तर.

जेलीच्या पातळ थरात, म्हणजे जेलमध्ये, प्रत्येक नमुना आपापल्या लेनमधून खाली सरकतो; प्रथिन आरएनएला चिकटलं की त्याचा पट्टा वरच अडकतो. आमचा नेहमी अडकायचा. मात्र ते परक्या आरएनएलाही चिकटतं का, हे कुणी तपासलंच नव्हतं. मी शेवटच्या लेनमध्ये पाव फुगवणाऱ्या यीस्टचा आरएनए घातला. यीस्टचा आणि आमच्या जनुकाचा काडीचा संबंध नाही. तरी पट्टा तिथेच, ठसठशीत! म्हणजे प्रथिन दिसेल त्या आरएनएला चिकटत होतं, मग बोट धरून नेण्याचं काय राहिलं? मला आधी हसू आलं, मग फोटो घेऊन मी सरांकडे गेले.

"तुझा हात खराब आहे. सरक, मी दाखवतो," सर म्हणाले.

पिपेटला टिप लावायची असते हेही ते विसरले होते. मी लावून दिली. पट्टा पुन्हा तिथेच. मग सरांच्या मते बफरचं द्रावण शिळं निघालं, जेल पातळ निघालं. नाचता येईना, अंगण वाकडं.

शेवटी त्यांनी दार लोटलं. "ती लेन फोटोतून काप. सही लगेच करतो."

"नाही कापली तर?"

"मग बस इथेच म्हातारी होत."

माझं डोकं फिरलं. त्याच आठवड्यात मी प्रथिनाला जनुकावर बसवलं आणि वरून आरएनए ओतला. प्रथिन जनुक सोडून आरएनएला जाऊन बिलगलं. म्हणजे हा कसला वाटाड्या? हा तर पहारेकऱ्यालाच जागेवरून उठवत होता!

पीएचडीच्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षक बाईंपुढे मी दोन्ही प्रयोगांचे फोटो अख्खे दाखवले. "हे खरं नवीन आहे," त्या म्हणाल्या. पहिल्या रांगेतले सर ताडकन उठले. "मी हिला कधीपासून हेच सांगतोय!" बाईंनी लगेच सहीचा कागद पुढे केला, आणि चारचौघांत सरांना हसत सही करावी लागली.

जिन्यात त्यांनी मला गाठलं. "या शोधाच्या पेपरवर माझं नाव टाकलंस ना गं?"

"तेवढी एक लेन कापली, सर," मी म्हटलं.