आवाजाच्या तीन प्रती

माझ्या नवऱ्यानं उभ्या आयुष्यात माझं बोलणं कधी धड ऐकून घेतलं नाही, आणि आवाज जाणार म्हटल्यावर मात्र त्याच्या तीन प्रती काढून ठेवल्या. हे मी रागानं म्हणते आहे असं कुणाला वाटेल. रागानंच म्हणते आहे. पण नुसता राग असता तर लिहायला बसले नसते.

आम्ही दमदमला राहतो. आमचे हे, दिगंबर, सरकारी बँकेत अधिकारी होते. बदली होऊन कोलकात्याला आलो तेव्हा विहंग रांगत होता. पुढेही बदल्या झाल्या, पण बिऱ्हाड इथंच राहिलं, आणि निवृत्त झाल्यावर पुण्याला जायचं ते नुसतं बोलण्यातच राहिलं. विहंग इथंच शिकला, न्यू टाउनमधल्या एका कंपनीत लागला, तिथंच फ्लॅट घेतला. मी दर रविवारी मंडळात इथल्या मराठी मुलांना मराठी शिकवायचे, आणि माझं स्वतःचं पोर 'मी सांगितलं होतं' म्हणायच्या ऐवजी 'मी बोललो होतो' म्हणतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

गेल्या माघात माझ्या गळ्याचं दुखणं निघालं. स्वरयंत्र काढावं लागेल, गळ्याला भोक ठेवू, त्यातून श्वास घ्यायचा, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. त्याच सुमारास आमच्या सुनेला, विनीताला, दिवस राहिल्याचं कळलं. मला आजाराची भीती वाटली, पण त्याहून जास्त वाईट याचं वाटलं की येणारं मूल आजीला मुकीच बघणार. मी हे यांना बोलून दाखवलं. तेवढं एक मात्र त्यांनी नीट ऐकलं.

ऑपरेशनच्या आधी ते रोज दुपारी पंखा बंद करायचे, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचे आणि म्हणायचे, "बोल." काय बोलू? आवाज थोडा खरखरत होता, पण माझा होता. मी चिमणी-कावळ्याच्या गोष्टी सांगितल्या, आईच्या तोंडून ऐकलेल्या ओव्या म्हटल्या, नातवंडाला उद्देशून बरंच काही बडबडले. मुलगा की मुलगी ते माहीत नव्हतं, म्हणून नुसतं 'बाळा' म्हणत राहिले. मध्येच "अहो, दूध उतू चाललंय, गॅस बंद करा" असं ओरडले, तेही त्यात आलं. ते पुसा म्हटलं तर हे म्हणाले, "राहू दे. हेच तर तुझं खरं बोलणं."

ऑपरेशन झालं. गळ्याला लावायचं एक यंत्र मिळालं, त्यातून स्टेशनवरच्या घोषणेसारखं काहीतरी उमटायचं. मी ते कपाटात टाकलं आणि मोबाइलवर लिहून बोलू लागले.

मी घरी आले त्या रविवारी विहंग पोळ्यांच्या डब्याएवढा एक काळा डबा घेऊन आला. घरातला सर्व्हर. पण त्याआधी त्यानं दुसरा सोपा मार्ग सुचवून पाहिला.

"बाबा, सगळं क्लाउडवर टाकून देऊ. एकदम सेफ आहे."

"क्लाउड म्हणजे कुणाचं?"

"कंपनीचं."

"म्हणजे परक्याचं. आवाजाची नक्कल करून लोकांना लुबाडतात, रोज पेपरात येतं. हिचा आवाज मी परक्याच्या घरी ठेवणार नाही. विश्वास पानिपतात गेला."

विहंगला पानिपत कळलं नाही, नकार कळला. मग त्यानं डबा उघडून दाखवला. आत दोन डिस्क. एकीवर जे जाईल त्याची नक्कल लगेच दुसरीवर.

"पण बाबा, हे बॅकअप नाही हां. एकीतून चुकून मिटवलं की दुसरीतूनपण मिटतं. आणि घरात काही झालं तर दोन्ही एकदम जातील. म्हणून तिसरी कॉपी घराच्या बाहेर पाहिजे. ती या छोट्या डिस्कमध्ये, माझ्याकडे न्यू टाउनला."

यांचा चेहरा उजळला. बँकेतही तसंच असतं ना, ते म्हणाले. तिजोरीच्या डुप्लिकेट किल्ल्या आपल्या शाखेत ठेवायच्याच नाहीत, दुसऱ्या शाखेत ठेवायच्या. आणि तिजोरी एकट्यानं उघडायची नाही, दोन अधिकाऱ्यांकडे दोन किल्ल्या. म्हणून मग तिन्ही डिस्कना कुलूप लावून घेतलं आणि पासवर्डाचा अर्धा भाग स्वतःकडे, अर्धा विहंगकडे ठेवला. डबा बंद होऊन पुन्हा सुरू झाला की दोघांनी आपापला भाग घालायचा. मी मोबाइलवर लिहिलं, 'बायकोचा आवाज ऐकायला आता मॅनेजर आणि कॅशियर दोघं हजर हवेत.' ते हसले नाहीत. त्यांनी घरातले सगळे फोन गोळा केले, त्यांतले माझे जुने व्हिडिओ, निरोप, जे काही होतं ते डब्यात भरलं आणि फोनवरून पुसून टाकलं. फोन मेट्रोत चोरीला जातात म्हणून. दर महिन्याला विहंग छोटी डिस्क आणायचा, नवीन प्रत भरून परत न्यायचा. मला हे सगळं अति वाटायचं. पण संध्याकाळी ते कानाला हेडफोन लावून बाल्कनीत बसायचे, आणि त्यांचे ओठ हलायचे. माझ्याबरोबर संसार करून जे झालं नाही ते तेव्हा होत होतं, ते मला ऐकत होते. मला त्यांचा राग यायचा आणि बरंही वाटायचं.

मग खंडेनवमी आली.

आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. सुताराची करवत, शिंप्याचं मशीन, विद्यार्थ्याची पुस्तकं. हे शाखेत असताना तिजोरीच्या किल्ल्यांची आणि शिक्क्यांची पूजा करायचे, गाव कुठलंही असो. एकदा पुजलं की त्या दिवशी ती वस्तू वापरायची नाही, हलवायची नाही. दसऱ्याला उत्तरपूजा झाली की मगच उचलायची. कोलकात्यात तो दिवस दुर्गापूजेच्या नवमीला येतो, बाहेर ढाक वाजत असतात आणि आमच्या घरात चौरंगावर स्क्रू-ड्रायव्हर आणि विळी मांडलेली असते. हे आमचं नेहमीचं.

या वर्षी त्यांनी सर्व्हर बंद केला, पुसला, चौरंगावर ठेवला आणि विहंगला फोन केला. "येताना तुझ्याकडची डिस्क घेऊन ये. पूजेला सगळी यंत्रं एकत्र हवीत."

"बाबा, ती तर वेगळी ठेवायचीय."

"एका दिवसानं काय होतंय? उद्या सोनं द्यायला याल तेव्हा घेऊन जा."

विहंग घेऊन आला. बापाला देवाधर्मात अडवायचं नाही एवढी एक मराठी रीत तो पक्की शिकला आहे. मीही काही लिहिलं नाही. लिहावं असं सुचलंसुद्धा नाही, कारण ते बरोबरच वाटत होतं. ज्या वस्तूत आपला जीव अडकलाय ती देवापुढे नाही ठेवायची तर कुठं ठेवायची? काळा डबा, त्याला टेकून छोटी डिस्क, दोघांवर हळदकुंकू, झेंडू. मागे गणपतीचं जाळीचं मखर होतं तेच लावलं. बाजूला समई.

दुपारी खालच्या मंडपात भोग होता. विनीताला आठवा महिना, तिला खिचडी खायची इच्छा झाली, म्हणून ती, विहंग आणि हे अशी तिघं खाली गेली. मी गर्दीत जात नाही, गळ्याच्या भोकात धूळ जाते. मी आतल्या खोलीत पडले. समई तेवत होती, ती विझवायची नसते.

ऑपरेशन झाल्यापासून माझ्या नाकातून श्वास जात नाही, त्यामुळे वास येत नाही. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. तेव्हा वाटलं होतं, आवाज जातोय तिथं वासाचं काय घेऊन बसायचं. म्हणून जळकं काही मला कळलं नाही. पाणी प्यायला उठले तेव्हा दाराच्या फटीतून धूर येताना दिसला. दार उघडलं तर मखर पेटून खाली चौरंगावर कोसळलेलं, आणि डब्याचं झाकण मऊ होऊन आत चाललेलं.

मी कळशी ओतली. धूर सरळ गळ्यातून छातीत गेला आणि मी खोकत बाल्कनीत आले. ओरडता येत नाही म्हणून स्टीलची थाळी आणि पळी घेऊन कठड्याशी उभी राहिले आणि जीव खाऊन वाजवू लागले. खाली आरती चालली होती. ढाक, घंटा, काशाच्या थाळ्या, सगळं एकदम. लोकांनी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरची मराठी बाई आज आपल्या आरतीत थाळी वाजवते आहे असं त्यांना वाटलं असणार, दोघी-तिघींनी हसून हात जोडले. यांनीही वर पाहिलं. हातातला भोगाचा द्रोण सांभाळत त्यांनी मला हात केला, आणि मला दिसलं की ते खूश झाले आहेत.

मी थाळी वाजवत राहिले. शेवटी समोरच्या बिऱ्हाडातल्या घोषबाबूंना धूर दिसला, त्यांनी दार ढकलून आत येऊन बादल्या ओतल्या. भिंतीचा कोपरा काळा झाला, पडदा गेला, बाकी घराला काही झालं नाही. आग म्हणावी एवढीसुद्धा ती नव्हती.

हे धावत वर आले. आधी माझ्याकडे आले, माझे खांदे चाचपून पाहिले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मग चौरंगाकडे गेले आणि ओल्या फरशीवर मांडी घालून बसले. काळं प्लास्टिक आणि झेंडू यांचा एकच गोळा झाला होता.

"मी बोललो होतो ना," विहंग म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "मी बोललो होतो की एकत्र ठेवायचं नाही."

"देवापुढे ठेवलं होतं," हे म्हणाले. दसऱ्याला आमच्याकडे कुणी सोनं लुटलं नाही.

तिन्ही वस्तू पिशवीत घालून विहंग आम्हाला सॉल्ट लेकला, सेक्टर फाइव्हमधल्या एका दुकानवजा ऑफिसात घेऊन गेला. जळलेल्या डिस्कमधून माहिती काढून देतात तिथं. तिथल्या मुलीनं काही दिवस ठेवून घेतल्या आणि मग आम्हाला बोलावलं. छोटी डिस्क पूर्ण गेली होती, मोठ्या दोघींतून तुकडे मिळाले होते.

"पासवर्ड आहे ना?" हे हिंदीत म्हणाले. "दोन्ही भाग आहेत. मुलगा इथंच आहे."

तिनं जळकी डिस्क उचलून आमच्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "अंकल, तुमच्या किल्ल्या बरोबर असतील. पण डिस्कच्या ज्या भागात कुलूप होतं तोच जळलाय. किल्ली लावायची कशाला?"

त्यांनी बँकेत तिजोरी कधी अशी पाहिली नसेल. ते मान हलवत राहिले, जणू ती आणखी काही सांगणार होती.

घरी येऊन आम्ही सगळीकडे शोधलं. विहंगनं मागच्या वर्षी फोन बदलला होता, त्याच्याकडे माझे जुने निरोप नव्हते. पुण्याला माझ्या बहिणीला, अलकाला, विचारलं. तिच्याकडे फोटो ढीगभर. फोटो सगळेच ठेवतात. विहंगच्या लग्नाच्या व्हिडिओत मी दिसते, बोलतेही आहे, पण ऐकू येतो तो बँड. यांनी तो तुकडा कितीदा लावला असेल. आवाज वाढवायचे, तसतसा बँडच वाढायचा. मला त्या दिवसांत त्यांच्यावर चिडायचं होतं, एखाद्या पाटीवर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहून त्यांच्यापुढे धरायचं होतं. धरलं नाही. माझी काय अवस्था आहे हे मात्र कुणी विचारलं नाही. माझा आवाज एकदा गळ्यातून गेला तेव्हा मी भुलीत होते. दुसऱ्यांदा जाताना मी जागी होते, आणि मला तेच जास्त लागलं.

दिवाळी झाल्यावर विनीताला मुलगी झाली. गौरी. चांगली गुटगुटीत आहे, रडते खूप. तिला घेऊन मी बसते, थोपटते, मांडीवर हलवते. ती माझ्या तोंडाकडे बघते, कारण बाकी सगळी तिच्याशी बोलतात आणि मी बोलत नाही. मग ती दुसरीकडे बघते.

परवा दुपारी विहंग आणि विनीता तिला आमच्याकडे ठेवून बाहेर गेली होती. हे तिला पायांवर घेऊन बसले होते. मी शेजारीच भाजी निवडत होते. पोर किरकिरायला लागलं तसे ते तिला म्हणाले, "थांब, आजी तुझ्याशी कशी बोलली असती ते सांगतो." आणि घसा साफ करून त्यांनी सुरू केलं. बारीक, गोड, लाडे लाडे आवाज काढून. "बाळा गं, माझ्या सोन्या, इकडे बघ, मी तुझी आजी..."

माझा आवाज तसा नव्हता. जाडा होता. फोन उचलला की पलीकडचा माणूस 'हां, भाईसाहब' म्हणायचा, आणि मंडळाच्या नाटकात मला हमखास सासऱ्याचं काम मिळायचं. बारीक आवाजात मी जन्मात बोलले नाही. वाटलं, हे पोरीला हसवायला करताहेत. पण ते हसत नव्हते. डोळे मिटून, आठवून आठवून, एकेक शब्द जपून ते तसं बोलत होते. त्यांना तो तसाच आठवत होता.

गौरी गप्प झाली. त्यांच्या तोंडाकडे टक लावून ऐकू लागली.

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. "असाच होता ना गं?"

मोबाइल माझ्या हाताशीच होता. मी मान हलवून हो म्हटलं.