बारा-सत्तावीसचा रॅम्प

“रॅम्प झालाय म्हणे!” फोनवरचा म्हातारा ओरडला. “मेसेज आलाय तुमचा. ‘काम पूर्ण, धन्यवाद.’ मी आत्ता दारात उभा आहे. सात पायऱ्या होत्या, सातच आहेत. रॅम्प कुठाय, बाई?”

“अक्साकाल, माझ्यासमोर फोटो आहे,” वडीलधाऱ्या पुरुषाला हाक मारतात तशा अदबीने उलबोलसिन म्हणाली. “चांगला स्टीलच्या कठड्याचा रॅम्प दिसतोय.”

“मग बायकोला त्या फोटोवरून ढकलत खाली नेऊ का?”

उलबोलसिनने हेडफोन कानापासून जरा लांब धरला. म्हातारा मोठ्याने बोलत होता म्हणून नाही, खरं बोलत होता म्हणून. समुद्राकाठच्या विभागाच्या नगर कचेरीत तक्रारी नोंदवून घेण्यात तिची एकोणीस वर्षं गेली होती. खऱ्या तक्रारीचा आवाज तिला लगेच कळायचा. शहरातली सगळी पैसेवाली माणसं याच पट्ट्यात राहायची आणि त्यांच्या तक्रारींना काही अंत नव्हता. कुणाच्या बाल्कनीत रस्त्याचा दिवा डोळ्यांवर यायचा, कुणाला खालच्या हॉटेलातल्या माशांचा वास यायचा. गेल्या वर्षी एका बाईने समुद्राचा आवाज फार होतो म्हणून फोन केला होता. त्या तक्रारीलाही नंबर द्यावा लागला होता!

“नाव काय म्हणालात?”

“सिसेनबाय. बारा, सत्तावीस, तीन. किती वेळा सांगू? शनिवारी नातीची पाठवणी आहे माझ्या. कलांपिर सव्वा वर्ष घराबाहेर पडलेली नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून चाकांच्या खुर्चीत आहे. शनिवारी ती गेली नाही तर पोरीला आशीर्वाद कोण देणार? शहराचा कारभारी म्हणवणारा तुमचा अकिम येणार आहे का?”

“सहा जण मिळून उचलून...”

“उचलून?” म्हातारा खालच्या आवाजात म्हणाला, “ती म्हणते, या घरातून मला माणसांनी उचलून न्यायचं ते एकदाच. त्याच्या आधी नाही.”

उलबोलसिनने फोटो मोठा करून पाहिला. रॅम्पमागे काचेचं दार, पितळी मूठ, दाराशी कोट घातलेला दरवान. बाराव्या सेक्टरमधल्या जुन्या चार मजली इमारतींना दरवान? छे! तिने खालचा पत्ता वाचला. सत्तावीस-बारा.

या शहरात रस्त्यांना नावंच नाहीत. आधी सेक्टर, मग इमारत, मग घर. तीन आकडे सांगितले की टॅक्सीवाला थेट दारात. शाळेत जायच्या आधी पोरं आपले तीन आकडे पाठ करतात. पण वसंतात कचेरीत नवा प्रोग्राम आला, तो राजधानीत बसून कुणीतरी केलेला. त्या शहाण्याला रस्ता नसलेलं शहर ठाऊकच नव्हतं. चौकटी काही जमेनात, तेव्हा वरून परिपत्रक आलं: आधी इमारत लिहा, मग सेक्टर. उलबोलसिनने आज्ञाधारकपणे तसंच लिहिलं. आणि काम करणारी माणसं पडली इथलीच. त्यांनी ते आकडे आईने शिकवल्यासारखे, आधी सेक्टर असेच वाचले, आणि थेट सत्ताविसाव्या सेक्टरमधल्या बाराव्या इमारतीपुढे जाऊन रॅम्प बांधून आली. म्हणजे किनाऱ्यावरच्या नव्या टॉवरपुढे. तिथे लिफ्ट तळघरातल्या गाड्यांपर्यंत जाते, पायरी कुणाला चढावीच लागत नाही!

ती उठली आणि तडक मिरासच्या खोलीत गेली. मिरास तिच्यापेक्षा बावीस वर्षांनी लहान आणि दोन पायऱ्या वर. त्याच्या खोलीला समुद्राची खिडकी होती, तिच्या टेबलासमोर भिंत.

“आपाय, ही तक्रार हिरवी झालीय, म्हणजे मिटली,” वडीलधाऱ्या बाईला मारतात तशी हाक मारत त्याने स्क्रीनकडे बोट दाखवलं.

“हिरवी झाली, पण रॅम्प दुसऱ्याच्या दारात आहे.”

“पण रॅम्प झालाय ना?”

“मिरास, तुम्ही जेवण मागवलंत आणि ते शेजारी खाऊन गेला, तर तुमचं पोट भरेल का?”

तो हसला. वाईट मुलगा नव्हता, तीच तर पंचाईत होती. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. “पुन्हा उघडली तर लाल होते. सोमवारी अकिमसमोर लाल मोजतात. नवीन तक्रार घाला, पुढच्या वर्षीच्या आराखड्यात धरू.”

“तिला शनिवारी बाहेर पडायचंय.”

“आपाय, मी काय स्वतः सिमेंट कालवू?”

“कालवा की! हात झिजतील का?” ती म्हणाली आणि लगेच तिने जीभ आवरली. निवृत्तीला दोन वर्षं होती. “बरं, निदान हा आकड्यांचा घोळ तरी मिटवा. मी लेखी देते.”

“द्या. हे मात्र आजच्या आज करतो,” मिरास म्हणाला. तिने पानभर लिहून दिलं, जीव ओतून.

संध्याकाळी ती बसस्टॉपकडे न जाता उलट्या दिशेने चालत बारा-सत्तावीसला गेली. आपण कचेरीतल्या, असं दारातच सांगून टाकलं. सिसेनबाय शिव्या घालायला तोंड उघडणार, तोच आतून आवाज आला, “आधी चहा दे तिला. मग बोल काय बोलायचं ते.”

कलांपिर खिडकीशी बसली होती. बारीक, ताठ, डोक्याला पांढरा रुमाल. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिने एकतीस वर्षं काढली होती. “हे आख्खं शहर माझ्या चवीचं पाणी प्यायलंय,” ती म्हणाली. “आता समुद्र दोनशे पावलांवर आहे आणि मला नुसता वास येतो. तुझं नाव काय?”

“उलबोलसिन.”

म्हातारी खुदकन हसली. ‘मुलगा होवो’ असा त्या नावाचा अर्थ. “कितवी मुलगी?”

“चौथी. बापाने देवाकडे केलेला अर्ज आहे मी. पुढच्या वर्षी मुलगा झाला, पण शेजारच्यांना.”

“म्हणजे तेव्हापासूनच पत्ता चुकतोय!” कलांपिर म्हणाली, आणि तिघंही हसली. चहात दूध घालता घालता सिसेनबायचा रागही निम्मा उतरला. निम्माच.

निघताना उलबोलसिन पायऱ्यांवर थांबली. कचेरीच्या माणसाने जे बोलू नये ते बोलली. “अक्साकाल, फळ्या आहेत का कुठे? जाड, लांब फळ्या. मी काही सांगितलेलं नाही हं.”

“बंदरात चाळीस वर्षं सुतारकाम केलंय मी,” सिसेनबाय म्हणाला. “हे मलाच सुचायला हवं होतं. पण म्हटलं, सरकार करतंय तर नीट करेल. मूर्ख मी!”

गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला तेव्हा उलबोलसिनला आधी त्याचा आवाज ओळखूच आला नाही. म्हातारा चक्क गात असल्यासारखा बोलत होता. शेजाऱ्याला मदतीला घेऊन त्याने रात्रीचा दिवस केला होता. फळ्यांना खालून टेकू, वर जुन्या सतरंजीच्या पट्ट्या ठोकलेल्या, चाकं घसरू नयेत म्हणून. “आणि आज सकाळी उतरली ना ती! थेट समुद्रापर्यंत नेली. तिने काय केलं सांगू? पाण्यात बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, मीठ आहे तेवढंच आहे, माझ्यावाचून काही अडलं नाही त्याचं.”

उलबोलसिन हसली आणि तिचे डोळे भरून आले. एकोणीस वर्षांत कुणी काम झालं म्हणून सांगायला फोन केला नव्हता.

त्याच दिवशी, दहाच मिनिटांनी, सत्तावीस-बारामधून एका बाईचा फोन आला. “आमच्या दारासमोर तो रॅम्प कुणी घातलाय? शोभा गेली हो सगळी. इथे कुणी लंगडं आहे का? काढून टाका.”

“काढतात, बाई. लगेच नोंदवते,” उलबोलसिन म्हणाली. कदाचित तेच स्टील उचलून बाराव्या सेक्टरला बसवता येईल, असंही तिच्या मनात आलं. मिरासने सकाळीच येऊन सांगितलं होतं, “आपाय, तुमचं पटलं वर. आता आपलं नेहमीचंच लिहा, आधी सेक्टर.” तिने लिहिलं: सत्तावीस, बारा. विषय: रॅम्प हटवणे. पुन्हा पुन्हा तपासलं आणि मगच पाठवलं. पैसेवाल्यांचं काम, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हिरवंही झालं.

शुक्रवारी चार वाजता सिसेनबायचा फोन आला. या वेळी तो ओरडला नाही.

“माणसं येऊन गेली,” तो म्हणाला. “तिघं होती. सभ्य होती बिचारी. म्हणाली, अक्साकाल, रॅम्प काढायचा हुकूम आहे. मी म्हटलं, हा माझा आहे. ती म्हणाली, बारा-सत्तावीसच ना? मग हाच. फळ्या गाडीत घालून नेल्या. कागद दाखवला त्यांनी. खाली तुझं नाव होतं, पोरी.”

उलबोलसिनने त्या हिरव्या झालेल्या कामाचा फोटो उघडला. सात पायऱ्या, स्वच्छ, रिकाम्या. कोपऱ्यात सतरंजीचा एक तुकडा पडलेला.

ती मिरासच्या खोलीत शिरली तेव्हा दारही वाजवलं नाही. “कामाच्या माणसांना काय सांगितलंत तुम्ही?”

“तुम्हीच लेखी दिलं होतंत की,” तो गोंधळून म्हणाला. “आकडे उलटे येतात म्हणून. मी त्यांना सांगितलं, यापुढे उलटे वाचा.”

“आणि मला सांगितलंत, सुलटे लिहा!”

मिरासचे कान लाल झाले. “आईशप्पथ, आपाय...”

“फळ्या कुठे आहेत?”

फळ्या शहराबाहेरच्या कचरा डेपोत गेल्या होत्या. मिरासने फोनवर फोन केले, हे खोटं नाही. डेपोचा माणूस म्हणाला, शुक्रवारी चारनंतर गेट बंद, सोमवारी या. सत्तावीस-बाराचा स्टीलचा रॅम्प मात्र जिथल्या तिथे होता. त्यावरून कुणाची तरी सुटकेस वर जात होती.

शनिवारी सुट्टी होती. उलबोलसिन सकाळीच बारा-सत्तावीसच्या अंगणात जाऊन उभी राहिली. मिळाल्या त्या दोन फळ्या तिने शेजारणीकडून मागून आणल्या होत्या, टॅक्सीत घालून. सिसेनबायने हाताने दाबून पाहिल्या आणि मान हलवली. पातळ होत्या, खुर्चीचं वजन पेललं नसतं. खाली रिबिनी लावलेली गाडी उभी होती. नातू, पुतणे, शेजारी, आठ-दहा धट्टीकट्टी माणसं बाह्या सरसावून तयार.

दार उघडलं. कलांपिर खुर्चीत बसून उंबऱ्यापर्यंत आली. अंगात निळ्या मखमलीचं जाकीट, डोक्यावर नवाकोरा पांढरा रुमाल.

“आपा,” उलबोलसिन पुढे झाली, “चूक माझी...”

“तू नीटच लिहिलं होतंस ना?”

“हो.”

“मग झालं तर.”

“आजे, आम्ही उचलतो,” नातू म्हणाला. “दोन मिनिटांचं काम.”

“हात लावलास तर बघ!” म्हातारी कडाडली. तिने खुर्चीचे हात धरले, अंग खाली सोडलं आणि वरच्या पायरीवर बसली. मखमलीसकट. पाय हातांनी उचलून पुढच्या पायरीवर ठेवले. मग अंगणातल्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

“तिकडे तोंड करा,” ती म्हणाली. “सगळ्यांनी.”

आधी सिसेनबाय वळला. मग नातू, पुतणे, गाडीचा ड्रायव्हर. वरच्या बाल्कनीतली माणसंसुद्धा आत गेली. उलबोलसिन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पाठीमागे सिमेंटवर कापड घासल्याचा आवाज आला, मग लांब श्वास, मग पुन्हा कापड. सातवी पायरी झाली हे सगळ्यांना कळलं, तरी ती “वळा” म्हणेपर्यंत कुणीही वळलं नाही.