मागचे ठोकळे

एमरिस बेव्हनची हिरवी गाडी त्या वर्षी मागून उंच दिसायची. दोन माणसांची, उघड्या टपाची, एकोणीसशे सदुसष्टची गाडी. तरुणपणी घेतलेली, आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्याने ती आमच्या पेन्वर्न गावच्या चढावरच्या शर्यतीत पळवलेली. हिवाळ्यात त्याने पुढे आखूड स्प्रिंगा बसवल्या. नाक खाली गेलं, शेपटी वरच राहिली. मोटारींच्या क्लबात आम्ही त्याला छळायचो, "एमरिस, ससा पाळलायस की काय?"

"मागूनही खाली बसवतो, मग बघा," तो म्हणायचा.

मागून खाली बसवायला त्याला बायकोचे हात लागले. मेरियलला हे काम नवं नव्हतं. लग्नानंतरच्या कितीतरी सुट्ट्या तिने गाडीखालीच काढल्या होत्या. फक्त पूर्वी ती पान्हे द्यायची आणि तो आवळायचा. आता तो स्टुलावर बसून सांगायचा आणि ती आवळायची. गुडघे दुखतात, असं तो सांगे. खरं कारण तिला माहीत होतं. एमरिसला कडेकडेचं दिसे, पण जिथे नजर लावावी नेमका तिथेच काळा डाग. चहा कपाच्या बाहेर ओतायचा. ओळखीचा माणूस बोलेपर्यंत त्याला ओळखू यायचा नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात तो एकटाच जाऊन आला आणि म्हणाला, "नंबर बदललाय. बाकी काही नाही."

ईस्टरच्या सुमारास गावातल्या चौकात कोणीतरी बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होतं. एमरिसने वेग कमीच केला नाही. मेरियल किंचाळली, तिने स्टिअरिंग ओढलं आणि गाडी फुटपाथवर चढून थांबली.

"दिसत होतं मला," तो म्हणाला.

"काय दिसत होतं? बाई होती की बाप्या, तेवढं तरी सांग."

तो दार उघडून उतरला आणि पायी घरी गेला. त्यानंतर तिने विषय काढला की तो माडीवर जाऊन कडी लावून घ्यायचा.

आणि पेन्वर्नची शर्यत तोंडावर आली. आमचा रस्ता अरुंद आहे, एका बाजूला दगडी भिंत. दुसऱ्या वळणावर गवताच्या गठ्ठ्यांमागे माणसं दाटीने उभी असतात, पोरं खांद्यावर घेऊन. मेरियलने त्याच्यापुढे हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले होते.

"हा एक चढ. मग तू म्हणशील तसं."

"त्या वळणावर माणसं असतात, एमरिस."

"तो रस्ता मला डोळे मिटूनसुद्धा येतो."

"तेच तर सांगतेय मी!"

क्लबला कळवावं म्हणून तिने फोन उचलला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. हा माणूस सगळ्यांसमोर आंधळा ठरला तर तो काय करून घेईल, याची तिला धास्ती होती. मग तिला वाटलं, माणसाला थांबवता येत नाही तर गाडीला थांबवावं.

शर्यतीच्या आठवड्यात ते दोघं गॅरेजमध्ये गेले. तिने गाडी जॅकवर घेतली, खाली आधाराला लोखंडी घोड्या लावल्या. मागचा ऍक्सल आणि मागच्या स्प्रिंगांचे कमानपाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घातला की त्याच्या जाडीइतकी गाडी खाली बसते, इतकं साधं काम. "एक इंचाचे घाल," एमरिसने सांगितलं. तिने जुन्या पेटीतून दोन इंचाचे काढले, त्यांचे लांब बोल्टही काढले आणि आवळून टाकले. गाडी चाकांवर आली तेव्हा टायर मडगार्डच्या आत शिरला होता. जरा खड्डा लागला की घासणार. शर्यतीआधी गाड्या बघणारा कोणताही तपासनीस अशी गाडी सोडणार नाही.

"कशी दिसते?" त्याने विचारलं.

"सपाट. तुला हवी होती तशी."

रविवारी तिनेच गाडी ट्रेलरवर घालून आणली. तपासनीस होता डेनझिल, एमरिसचा जुना दोस्त. तो मागच्या चाकाशी वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

"काय रे म्हाताऱ्या, ही गाडी आहे की पायपुसणं?"

"तुम्हीच म्हणत होता ना, उंच आहे म्हणून?"

डेनझिल हसला. मग त्याने आवाज उतरवला. "खरं तर हिला मी सोडू नये. पण तुझा शेवटचा हंगाम आहे म्हणतात. पहिल्या फेरीत जरा दमाने घे." आणि त्याने काचेवर मंजुरीचा कागद चिकटवला.

मेरियल त्याच्यामागे धावली. "नीट बघ ना, डेनझिल! चाक घासतंय!"

"अगं, त्याला मी अडवू? मी?" असं म्हणत तो पुढच्या गाडीकडे गेलाही.

सुरुवातीच्या रेषेवर झेंडे घेऊन मी होतो. एमरिस हेल्मेट घालून रांगेतून पुढे आला, इंजिन घुमायला लागलं. इतक्यात मेरियल दोरीखालून घुसली आणि दोन्ही हात बॉनेटवर टेकून गाडीपुढे उभी राहिली. मी झेंडा वर केला.

"त्याला दिसत नाही!" ती ओरडली. "माझं तोंड दिसत नाही त्याला! कोणीतरी थांबवा!"

मी गाडीजवळ गेलो. "एमरिस, माझ्या हातात कुठल्या रंगाचा झेंडा आहे?"

त्याने मान थोडी वळवली, माझ्या खांद्यापलीकडे बघितलं.

"हिरवा," तो म्हणाला.

माझा झेंडा लाल होता. माझ्या गप्प राहण्यावरूनच त्याला कळलं असावं, कारण त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवले. आम्ही चौघांनी गाडी ढकलत मागे नेली. तो आतच बसून होता, हेल्मेटसकट.

पुढचं मेरियलने मला नंतर सांगितलं. परतताना अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, "ठोकळ्यांचं मला ठाऊक होतं."

तिने गाडी कडेला घेतली.

"शुक्रवारी मडगार्डमध्ये हात घालून बघितला. बोटसुद्धा शिरेना."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं, डेनझिल अडवेल. गाडीमुळे राहिलं, असं म्हणता आलं असतं."

"आणि त्याने सोडल्यावर?"

"मग हेल्मेट घातलं."

"गेला असतास वर?"

"सगळे बघत होते, मेरियल. उतरायचं कसं, तेच कळेना."

तिने त्याला मारलं. खांद्यावर, छातीवर, मुठी वळून, आणि तो मार खात राहिला. मग दोघंही तिथेच रडत बसले, बाजूने गाड्या जात होत्या.

एमरिसने आपणहून गाडी चालवायचा परवाना परत केला. चढावर तो पुन्हा आला नाही. डेनझिल दोनदा घरी जाऊन आला. दुसऱ्या खेपेला त्याला आत घेतलं, पण बोलणं फारसं झालं नाही. मेरियल कधी बाजारात भेटते. एमरिस बरा आहे म्हणते, रेडिओ ऐकतो, जेवतो. मी म्हणतो, तू त्या दिवशी फार मोठं काम केलंस.

ती ते ऐकत नाही. "गेला असता तो," एवढंच म्हणते. "माहीत असून गेला असता."