सासूबाईंचा गुडघा

लुब्वामा डॉक्टर, आणि त्याच्याच सासूबाईंचा गुडघा वर्षभर बरा होईना, आता काय म्हणावं! त्या दवाखान्यात यायच्या, दाराआड तोंड फिरवून बसायच्या. सासू-जावयाने समोरासमोर यायचं नाही, चुकून हात लागला तर अंगाला कायमचं कापरं भरतं. मासाका भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. "काय होतंय, सासूबाई?" लुब्वामा आतून विचारायचा. उत्तर यायचं, "गुडघा." तो गोळ्या द्यायचा. अशा तीनदा दिल्या.

परवा ताप आला म्हणून त्या लेकीकडे राहायला आल्या. नस्सुनाने आईला आंघोळ घातली आणि ओल्या हातांनीच नवऱ्याकडे धावली.

"अहो, आईच्या डाव्या छातीचं बोंड आत ओढलंय. कातडीला खळगे पडलेत. ती म्हणते, म्हातारपण, दुसरं काय!"

"ओघळणं, सैल पडणं, मऊ होणं हे म्हातारपण," लुब्वामा म्हणाला. "हे नव्हे. हाताला कठीण लागतंय?"

"दगड आहे नुसता. काखेतसुद्धा."

तो खोलीच्या दाराशी गेला. आत चटईवर सासूबाई, बाहेर तो, मध्ये पडदा. हात लावून बघणं सोडाच, छातीचं नाव तरी कसं घ्यायचं? आयुष्यभर बायका तपासलेला माणूस इथे अडला. शेवटी नस्सुना उंबऱ्यात बसून दोघांचं बोलणं इकडून तिकडे पोचवू लागली.

"विचार, कधीपासून?"

"गेल्या साली लोक खायला नाकतोडे पकडायला निघाले होते, तेव्हापासून. दुखत नव्हतं म्हणते."

"उद्या कंपालाच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं."

"बरी होईल ना हो?"

रोग काखेपर्यंत पोचला होता. लुब्वामा काय सांगणार, कपाळ? त्याला एकदम संताप आला, रीतभात विसरून तो पडद्याकडे बघून ओरडला, "तीनदा आलात हो! गुडघा काय सांगत बसलात?"

आतून आवाज आला, अगदी शांत.

"तुम्हाला कसं सांगणार, जावईबापू? मी तुमच्या नर्सबाईंकडे यायचे. तुम्ही लगेच त्यांना बाहेर पाठवायचात, 'माझ्या सासूबाई आहेत, मी स्वतः बघतो' म्हणून. गावभर सांगायचे मी, जावई किती मान ठेवतो माझा."