देवीच्या बोटाचा थेंब

बहात्तरच्या दुष्काळातलं नवरात्र. सातव्या माळेला सोनईच्या गहिनीनाथाच्या घरी देवी आली, आणि आली ती त्याच्या बायकोच्या, मनकर्णेच्या अंगात. घामानं चिंब होऊन ती थरथरत होती, तोंडानं काहीबाही बडबडत होती. आळीतल्या बाया ओट्या घेऊन धावल्या. गहिनीनाथाची चुलती रंगुबाई पदर पसरून पाऊस मागत होती. गहिनीनाथाचा ऊर भरून आला. एवढं पुण्य एकट्यानं कसं घ्यायचं? हा शहाणा पळत सुटला तो थेट डॉक्टर सुचित्राबाईंच्या दवाखान्यात, त्यांना दर्शनाला बोलवायला. मनकर्णेच्या साखरेच्या आजारावर त्यांचंच औषध होतं.

बाईंनी हातातलं काम टाकलं. "आज काय खाल्लंय तिनं?"

"कालपासनं कायबी न्हाई. कडक उपास हाय."

"आणि इन्सुलिनची सुई?"

"दिली की सकाळी. तुमीच म्हनला हुता, सुई चुकवू नका."

बाईंनी बॅग उचलली आणि त्याच्याही पुढे धावत निघाल्या.

घरी मनकर्णा डोळे मिटून पडली होती. बाया म्हणाल्या, समाधी लागली.

"साखर चढलीय की उतरलीय, ते बघायला हवं. एक थेंब रक्त द्या, मिनिटात कळेल," म्हणत बाईंनी बाटलीतून कागदाची पट्टी काढली.

रंगुबाई आडवी झाली. "देवीला टोचायचं? गहिन्या, घराचं वाटोळं हुईल."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. खरंच देवी असली तर? तो खाली बसला, बायकोचा गार हात हातात घेतला आणि तिचं बोट पुढे धरलं.

"देवी असंल तर शिक्षा मला दील. टोचा, बाई."

मिनिटभरानं बाईंनी पट्टीवरचं रक्त पाण्यानं धुतलं. रक्तात पुरेशी साखर असती तर पट्टी निळी झाली असती. ती होती तशीच फिकी राहिली; उपाशीपोटी सुई घेतल्यानं साखर पार उतरली होती. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि थोड्याच वेळात मनकर्णेनं डोळे उघडले.

"एवढ्या बाया कशापायी आल्यात?"

गहिनीनाथ सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

दसऱ्याला दोघं सोनं द्यायला दवाखान्यात गेले. गहिनीनाथ वाकला तसे बाईंनी पाय मागे घेतले. "देवीच्या पाया पडा."

"पडून आलो. तिचे उपकार हायेतच," तो म्हणाला. "देवी आली वाटलं म्हनून तर तुमच्याकडं पळालो. मानूस मरतंय, हे मला कुठं कळत हुतं?"