पाहुण्यांसाठी झाडलेला संगणक

पाहुणे येणार म्हणून मी घर झाडलं, तर माझ्या नवऱ्याने संगणक झाडला.

पाहुणी म्हणजे शाळेच्या नव्या मुख्याध्यापिका, लल्ला रादिया. आमच्याकडे मानाने बाईंना लल्ला म्हणतात आणि पुरुषांना सी. शाळेतले बारा जुने संगणक भंगारात निघाले होते. माझा नवरा झुहैर त्याच शाळेत गणित शिकवायचा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, आणि या चार वर्षांत त्याला कुणी काही विचारलेलं नाही. मी विचारते, पण ते भाजीचं. त्याने बाईंना कळवलं, "त्या संगणकांवर लिनक्स ही फुकटची प्रणाली घालून देतो, दर शनिवारी मुलांना शिकवतो. आधी माझा चौदा वर्षांचा संगणक कसा पळतो ते बघून जा." बाई गुरुवारी तीनला येते म्हणाल्या. त्या दिवसापासून हा रोज दाढी करायला लागला.

गुरुवारी बारा वाजता सगळं उत्तम चालत होतं. उत्तम चाललेलं लिनक्स लिनक्सवाल्यांना बघवत नाही. त्याने सगळं अपडेट केलं आणि वर अडगळ नको म्हणून जुनं ते पुसून टाकलं. बंद करून पुन्हा चालू केलं, तर स्क्रीन काळी. कोपऱ्यात एक रेघ तेवढी लुकलुकत होती.

कळलं ते असं. स्क्रीनवर चित्र आणणारं त्याचं लाडकं ग्राफिक्स कार्ड म्हातारं. ते चालवणारा ड्रायव्हर नव्या लिनक्सशी जमवून घेईना. आणि ज्याच्याशी जमत होतं ते जुनं लिनक्स याने स्वतःच्या हाताने केरात काढलेलं.

त्याने गाबेस शहरातल्या हेदीला फोन लावला. हेदी त्यांच्या लिनक्स मंडळातला जाणकार.

"कंपनीचा ड्रायव्हर टाकला होतास?"

"हो."

"मग भोग! दहा वर्षं कानीकपाळी ओरडतोय, लोकांनी लिहिलेला खुला ड्रायव्हर वापर म्हणून."

"तुझ्या खुल्या ड्रायव्हरवर खिडकी गोगलगायीसारखी सरकायची!"

"गोगलगाय दिसायची तरी!"

दोघं अर्धा तास तत्त्वांवर भांडले. अडीच वाजले तेव्हा माझं डोकं फिरलं.

"मागे स्क्रीनची वायर लावायला दोन जागा दिसतायत," मी म्हटलं. "एक कार्डाची. दुसरी कुणाची?"

झुहैर वाकून मागे बघायला लागला. मग फोनमधून हेदी हळूच म्हणाला, "ती मूळ बोर्डाची, वहिनी. कार्ड काढलं तर... चालायला हवं."

झुहैर कार्ड काढायला तयार होईना. "याने मला कधी दगा दिला नाही."

"मग आत्ता काय दिलंय, फुलं?"

बाई दहा मिनिटं आधीच आल्या. तेव्हा माझा नवरा टेबलाखाली होता, बाहेर फक्त पाय. मी काहीतरी थाप मारणार, एवढ्यात टेबलाखालून आवाज आला, "बिघडलाय. मीच बिघडवला."

मी कपाळाला हात लावला. गेला शनिवारचा वर्ग हातचा!

बाईंनी मकरूदची, म्हणजे खजुराच्या मिठाईची, बशी बाजूला ठेवली, मोबाइलचा दिवा लावला आणि सरळ जमिनीवर बसल्या. "काय करताय ते सांगत सांगत करा, सी झुहैर."

तो सांगत गेला, वर्गात सांगायचा तसं. कार्ड काढलं, वायर मूळ बोर्डाला लावली. पुन्हा तीच रेघ.

"आता?"

"एका फाइलीत अजून लिहिलंय की कार्ड आहे. ते गेल्याचं त्याला कळवायचं."

काळ्या स्क्रीनवर त्याने एक ओळ टाइप केली. संगणक पुन्हा सुरू झाला आणि चित्र आलं. थोडं फिकं, पण आलं.

बाईंनी मोबाइलचा दिवा विझवला. "आमच्याकडे संगणक अडला की राजधानीतून माणूस यायला तीन आठवडे लागतात. आला की दार लावून घेतो. काय केलं ते कधी सांगत नाही." मग त्या उठल्या. "मुलांना चालता संगणक दाखवू नका, सर. हे दाखवा. परवा साडेआठला या."

झुहैर साखर आणतो म्हणून आत गेला. साखर समोर ट्रेमध्येच होती. ओट्याशी डबा हातात धरून तो नुसता उभा राहिला, डोळे भरलेले. मी दारातूनच मागे फिरले. मलाही बरं वाटत होतं, खूप बरं.

बाहेर येऊन तो म्हणाला, "लल्ला, मग शनिवारी बाराही संगणक मी आधी स्वतः बिघडवून ठेवीन."

"त्याबद्दल तुम्ही निश्चिंत असा," मी बाईंना म्हटलं.